लागलेले आणि कोरडे

२०१२ सालच्या सप्टेंबरची पाच तारीख, बुधवार. संध्याकाळचे पाच वाजले होते. खोत गुरुजींच्या खाटेशेजारी मी स्टूल ओढून बसले होते. मांडीवर सतरा प्रश्नांची प्रश्नावली होती आणि उशीजवळ छोटा टेपरेकॉर्डर.

"आज शिक्षक दिन," गुरुजी म्हणाले. "पोरं फुलं घेऊन आली असतील. रिकाम्या खुर्चीवर ठेवून गेली असतील."

"काल झोप कशी लागली?" मी पहिला प्रश्न विचारला.

"ते राहू द्या, बाई. तुम्हाला एक गणित घालतो." गुरुजी शिरोळकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. वर्षभर अंथरुणातून न उठलेला माणूस, पण हे वाक्य त्यांनी वर्गातल्या आवाजात म्हटलं. "या खोलीत आम्ही चौघं. गेल्या शुक्रवारी दोघांना सलाईन लावलं, काल दोघांना. चौघांतल्या दोघांच्या कपाळाला त्या हौसाक्कानं अंगारा लावला. ते दोघं आज दाढी करून बसलेत. मला लावला नाही, कोपऱ्यातल्या बापूला लावला नाही. आम्ही आहोत तिथंच. तर सांगा, माझ्या बाटलीत काय होतं?"

मी टेपरेकॉर्डर बंद केला.

"पाणीच ना?" ते म्हणाले. "मग आता पुढं काय राहिलं?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी तेव्हा मानसशास्त्रज्ञ होते. वय सत्तावन्न, नोकरीची तीन वर्षं उरलेली. मनोविकार विभागाचे प्रमुख डॉ. रघुवीर इनामदार. हुशार, बोलघेवडे, चहात बुडवलेलं बिस्कीट हातात विसरून वाद घालणारे. त्यांनी त्या वर्षी केटामिनचा अभ्यास हाती घेतला होता. हे औषध काही नवं नव्हतं, ऑपरेशनच्या टेबलावर भूल द्यायला डॉक्टर ते कितीतरी वर्षं वापरत होते. पण त्याचाच थोडासा डोस चाळीस मिनिटं थेंबथेंब शिरेत सोडला तर जुनं, हट्टी नैराश्य काही तासांत उतरतं, असं परदेशातून छापून येत होतं. भ्रम घडवणाऱ्या अळंब्यांबद्दलही तसंच काही कानावर यायचं, पण ते आपल्याकडे कायद्यात बसत नव्हतं. भुलीचं औषध मात्र प्रत्येक थिएटरच्या कपाटात होतं.

आमचे रुग्ण बत्तीस. सोळा जणांना औषध, सोळा जणांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाच्या बाटलीत काय हे औषध विभागातला एकच माणूस ठरल्या यादीप्रमाणे भरायचा आणि ती यादी लखोट्यात बंद होती. रुग्णाला काही ठाऊक नसायचं, आणि गुण देणारी मी, मलाही नसायचं. सलाईन चालू असताना मला त्या खोलीत यायला बंदी होती. दुसऱ्या दिवशी जायचं, सतरा प्रश्न विचारायचे, गुण लिहायचे. टिकतं का ते बघायला पंधराव्या दिवशी पुन्हा विचारायचं, पण निकाल दुसऱ्या दिवसाच्या गुणांवरच लागायचा. गुण उतरले म्हणजे आजार उतरला. औषधाचं वजन करायचं तर काट्याला कळता कामा नये की कुठल्या पारड्यात काय आहे. इथे काटा मी होते.

खोत गुरुजी बत्तिसावे. शनिवारी ट्रस्टच्या अध्यक्षांसमोर लखोटा फुटणार होता. निकाल चांगला लागला तर चार खाटांचा वेगळा विभाग मंजूर होणार होता, आणि त्यातली पहिली खाट माझ्या बहिणीची, असा इनामदारांनी मला शब्द देऊन ठेवला होता.

विजया, माझी धाकटी बहीण. अकरा वर्षं ती माझ्याकडेच होती. शाळेत चित्रकला शिकवायची. एका उन्हाळ्यात घरी बसली ती बसलीच. सहा डॉक्टर झाले, गोळ्यांचे डबे झाले. आंघोळीला उठवायलाच मला अर्धा तास लागे. त्या वर्षी तिनं मला दोनदा विचारलं होतं, "ताई, तुला माझा कंटाळा आला की सांगशील ना?" त्या प्रश्नामागे काय आहे हे मला माझ्या व्यवसायामुळे नको इतकं कळत होतं. घरातल्या सुऱ्या मी ऑफिसच्या बॅगेतून घेऊन जायची.

गुरुवारी सकाळी मी हौसाक्काला गाठलं. हौसाक्का आमच्या वॉर्डातली आया, वीस वर्षांची जुनी. मागच्या व्हरांड्यात रबरी चादरी धुऊन वाळत घालत होती.

"अक्का, अंगारा कुणाला लावता हो तुम्ही?"

"लागलेल्यांस्नी."

"लागलेल्यांस्नी म्हणजे?"

"बाई, तुम्ही त्या टायमाला आत नसता. म्या असते." तिनं चादर झटकली. "ज्याला औषध लागतंय त्याचं डोळं फिरत्यात. कोण म्हणतंय छत खाली आलं, कोण म्हणतंय म्या पलंगावर न्हाईच. एक आजी तर स्वतःलाच हाक मारत हुती. जीव अंगाबाहीर जाऊन येतोय बघा. असा परत आला की घरच्या देवाचा अंगारा लावायचा, न्हाईतर वाट चुकतोय. आमच्या सासूची शिकवण हाय."

"आणि बाकीचे?"

"ती कोरडी. घोरत पडत्यात. त्यांस्नी कशाला अंगारा?"

"हे रुग्णांना कळतं?"

"न कळायला काय झालं? एकमेकाचं कपाळ दिसतंय की." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं चादर खाली ठेवली. "म्या काय वंगाळ केलं व्हय, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाही केलं."

शुक्रवारी दुपारी इनामदारांच्या खोलीत मी सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले.

"अंगारा! मेढेकर बाई, मी नियमावलीची अठ्ठावीस पानं लिहिली. लखोटे, सह्या, मोहरा. आणि हौसाक्का कपाळावर निकाल लिहून मोकळी!"

"हसण्यासारखं नाही, सर. औषध मिळालेल्यांना कळलं की मिळालं, ते उठून बसले. पाणी मिळालेल्यांना कळलं की पाणी मिळालं, ते आणखी खचले. खोत गुरुजींना परवा मी स्वतः पाहिलंय. आपला फरक दोन्ही बाजूंनी फुगलाय."

हसू थांबलं. "तिला आजच घरी पाठवतो."

"तिला कशासाठी? वीस वर्षं रुग्णाचं तोंड बघून काम करते म्हणून?"

"बरं, राहू द्या." त्यांनी खुर्ची मागे रेलली. "हे बघा. परदेशातल्या अभ्यासांचं काय झालं असेल? तिथल्या रुग्णाचेही डोळे फिरलेच असणार. त्यालाही कळलंच असणार की हे मिठाचं पाणी नव्हे. फरक एवढाच, त्यांच्याकडे हौसाक्का नव्हती. तरी त्यांचे निबंध छापून आलेच ना?"

"म्हणूनच आपण सांगायला हवं."

"आपण एक ओळ लिहू. 'काही रुग्णांना अंदाज आला असावा.' रुग्णांचं सोडा. गुण तुम्ही दिलेत आणि तुम्हाला अंगारा कशाचा ते ठाऊक नव्हतं. मिरजेत कुणाच्या कपाळाला काय नसतं! म्हणजे काटा स्वच्छ आहे. खरं ना?"

पंखा फिरत होता. मी 'खरं' म्हटलं असतं तर ते तिथेच संपलं असतं.

"काटा स्वच्छ नाही," मी म्हटलं. "मला कळलं होतं."

"कधी?"

"जूनमध्ये. सोळाव्या-सतराव्या रुग्णापासून. कुणी सांगितलं नाही, पण अंगारा दिसला की माणूस बरा निघायचा. तीनदा झालं, चारदा झालं. मी स्वतःला म्हणत राहिले, योगायोग असेल."

"मग? गुण तर त्यांच्या उत्तरांवर दिलेत ना?"

"सर, माणूस म्हणतो, 'जरा बरं वाटतंय.' त्याला एक गुण द्यायचा की दोन, हे माझ्या हातात असतं. कपाळावर अंगारा असला की मी एक लिहायची. नसला की दोन. काल रात्रभर वही चाळली. माझंच अक्षर आहे."

इनामदार हळू आवाजात म्हणाले, "विजयाताईंची खाट जाईल, बाई."

"ठाऊक आहे."

"अध्यक्ष दुसऱ्यांदा यायचे नाहीत. नवा अभ्यास म्हणजे दोन वर्षं. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं. "पण तिला जे द्यायचं ते किती चालतं हे मलाच ठाऊक नसेल तर मी तिला काय देतेय?"

त्यांनी फोन उचलला आणि अध्यक्षांच्या सचिवाला सांगितलं की उद्याचा कार्यक्रम रद्द. कारण विचारलं तर म्हणाले, "वैद्यकीय." फोन ठेवून माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "टेप सगळ्या आहेत?"

"सगळ्या."

शनिवारी आम्ही तिघंच बसलो. हौसाक्का खुर्चीच्या कडेला, पदर सावरून. इनामदारांनी अट घातली की लखोटा फोडायच्या आधी तिची साक्ष व्हायची. ते रजिस्टरमधलं एकेक नाव वाचत, ती बोले, मी लिहून घेई.

"अनंत मगदूम."

"लागला. देवाला शिव्या घालत हुता."

"सलमा बागवान."

"कोरडी. तिला भूक लागली हुती निस्ती."

"चौगुले वहिनी, जयसिंगपूर."

"लागली! लई लागली. मेलेल्या आईसंगं बोलली घंटाभर, रडली. दोन बोटं अंगारा लावला तिला."

"खोत गुरुजी."

"कोरडा. काठीवाणी पडला हुता. एक शबुद न्हाई."

सहा महिन्यांतली बत्तीस माणसं तिनं एकदाही न अडखळता सांगितली. खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या, तिनंही अक्षर जोडून केली. मग इनामदारांनी लखोटा फोडला.

बत्तिसांपैकी तीस बरोबर.

"हिला काढून टाकावं की प्राध्यापक करावं?" इनामदार पुटपुटले.

पण मी उरलेल्या दोन नावांकडे बघत होते. हौसाक्का दोनच ठिकाणी चुकली होती. एक चौगुले वहिनी. त्यांच्या बाटलीत पाणी होतं. आईशी बोलल्या त्या स्वतःच्याच दुःखानं. अंगारा लागला, सगळ्या वॉर्डानं त्यांना 'तुम्हाला खरं मिळालं' म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे गुण निम्म्याहून खाली आले. डबा आणणाऱ्या सुनेला त्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगत होत्या. त्यांना मिळालं होतं ते मिठाचं पाणी आणि चिमूटभर राख.

दुसरे खोत गुरुजी. त्यांना खरं औषध मिळालं होतं.

"त्यांना काहीच जाणवलं नाही?" इनामदार म्हणाले.

मी जाऊन विचारलं. गुरुजी म्हणाले, "भोवळ आली होती. उपाशी ठेवलं होतं ना तुम्ही. शिक्षकानं चारचौघांत आरडाओरडा करू नये म्हणून दात दाबून पडलो." त्यांना मी बाटलीत काय होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझं गणित चुकलं." दहावीच्या पोराची चूक सापडावी तसे ते थोडे हसले.

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. मी तेव्हाही तसं म्हटलं, आजही म्हणते. पण त्या दोन नावांनी इनामदारांच्या मनातली 'एक ओळ लिहू' कायमची पुसली.

मुलाखतींच्या टेप आम्ही नावं-तारखा आणि अंगाऱ्याचे उल्लेख काढून पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवल्या. मिरज त्यांनी पाहिलं नव्हतं, कुणाचं कपाळ तर नाहीच. त्यांनी नुसतं ऐकून नव्यानं गुण दिले. रुग्णाच्या मनातली आशा टेपमधून गाळता येत नाही, तेवढं गालबोट राहणारच होतं. निदान माझं पेन त्यातून गेलं. दीड महिन्यानं आकडे आले. माझ्या गुणांप्रमाणे दुसऱ्या दिवशी औषधवाल्या सोळांतले अकरा जण निम्म्यानं सुधारले होते आणि पाणीवाल्यांतले दोन. पुण्याच्या बाईंप्रमाणे आठ आणि तीन. पंधराव्या दिवशी उरले होते तीन आणि दोन.

औषध खोटं नव्हतं. आमचा आकडा फुगलेला होता. आणि ते टिकत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी घरी आले. विजू भिंतीकडे तोंड करून पडली होती. शनिवारचं काय झालं हे तिनं दीड महिन्यात विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. अंगारा, माझं पेन, खाट गेली हेही.

"आणि आकडा?" भिंतीकडूनच आवाज आला.

"पहिल्या दिवशी सोळांत आठ."

"मग?"

"पंधरा दिवसांनी सोळांत तीन."

"पाण्यावर?"

"दोन."

ती वळली. "तिनात आणि दोनात काय फरक गं, ताई?"

"काही नाही म्हटलं तरी चालेल."

विजू हसली. फार मोठं नाही, नाकातून आल्यासारखं, पण मी ते कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. "सहा डॉक्टर झाले. सहाही जण म्हणाले, शंभर टक्के. शंभर टक्के ऐकलं की मला कळायचं, हा माणूस माझ्याशी बोलत नाहीये, माझी समजूत घालतोय. मग गोळी घेतली काय, न घेतली काय. तू पहिली, जिनं मला पडेल आकडा आणून दिला."

"इनामदार म्हणतात, विभाग नसला तरी भूलतज्ज्ञ उभा करून तुला एकदा देता येईल. पण मी तुला दे म्हणणार नाही. नको असंही म्हणणार नाही."

ती छताकडे बघत राहिली. मला वाटलं, पुन्हा बुडाली. मग तिनं विचारलं, "पहिल्या दिवशी आठ, हे पक्कं?"

"जेवढं पक्कं असू शकतं तेवढं."

"एक दिवस बरं वाटलं तर माणसाला काय करता येतं?"

"म्हणजे?"

"तू तीन वर्षं त्या शॉकच्या उपचाराबद्दल सांगतेयस. त्याचे आकडे चांगले आहेत म्हणतेस."

"चांगले आहेत. पुष्कळ वर्षांचे, पुष्कळ माणसांचे."

"मला त्याची भीती वाटते. मेंदूला वीज. आणि या अवस्थेत सही करायला माझा हात उठत नाही." तिनं डोळे मिटले. "तुझं औषध मला बरं करायचं नाही, कळलं मला. पण एक दिवस भीती उतरवेल ना? तेवढ्या एका दिवसात मी सही करीन. नंतर रडले, नाही म्हटलं, तर मला तो कागद दाखव. तो कागद खरा धरायचा."

मी तेहेतीस वर्षं या व्यवसायात होते. ही कल्पना मला सुचली नव्हती, इनामदारांना नव्हती, आणि आम्ही वाचलेल्या कुठल्या निबंधात नव्हती. खोटा आकडा घेऊन मी घरी आले असते तर तिलाही सुचली नसती. पुरा पूल मिळतोय म्हटल्यावर फळी कोण मागतो?

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी तिला सलाईन लावलं. बुधवारी सकाळी सात वाजता तिनं स्वतः चहा केला, साखर जास्त घातली. "चल," म्हणाली, "हे कधी जाईल सांगता येत नाही." दहा वाजता इनामदारांच्या टेबलावर तिनं सही केली, चित्रकलेच्या बाईची लफ्फेदार सही. नवव्या दिवशी, पहिल्या शॉकच्या सकाळी, ती पुन्हा बुडाली. मी कागद दाखवला. ती रडली, मला शिव्या दिल्या, आणि गाडीत बसली.

आता या सगळ्याला तेरा वर्षं होतील.

डॉ. इनामदारांनी आमच्या अभ्यासाचा निबंध एका परिषदेत जसा होता तसा वाचला. त्यांच्या आवाजात हौसाक्काचा अंगारा ऐकून सभागृह हसलं, आणि मग प्रश्नांची वेळ संपली तरी लोक उठेनात. पुढे ते त्या औषधाचे कट्टर समर्थक झाले नाहीत आणि विरोधकही नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी त्यांना परिषदांना बोलावणं बंद केलं. पुढच्या अभ्यासात पाण्याऐवजी गुंगीचं औषध वापरून त्यांनी कोरड्यांचेही डोळे फिरवले. २०२० साली करोनात गेले.

हौसाक्काचं नाव त्या निबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं आहे. तिला छापील पान दिलं तेव्हा तिनं ते चार घड्या करून ब्लाउजात ठेवलं. निवृत्तीनंतर ती आरगला मुलाकडे राहिली, तिथेच गेली. चौगुले वहिनी तीन महिन्यांनी पुन्हा आजारी पडल्या, गोळ्यांनी सावरल्या, अजून आहेत. खोत गुरुजींना शेवटी एका जुन्या, स्वस्त गोळीनं बरं केलं. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले.

मी २०१५ साली नोकरी सोडली. त्या वहीतलं माझं अक्षर मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा दाखवलं. लाज वाटत नाही. दाखवलं नसतं तर वाटली असती.

विजूला नऊ वेळा शॉक द्यावे लागले. त्या हिवाळ्यातलं तिला फारसं आठवत नाही, शेजारणीचं नावही दोनदा विचारून घ्यावं लागलं. फेब्रुवारीत ती रंगांच्या दुकानात गेली. आता चौसष्ट वर्षांची आहे, खालच्या मजल्यावर वेगळी राहते, आणि दुधावरची साय कुणाची यावरून माझ्याशी भांडते. आजार दोनदा परत आला. दोन्ही वेळा ती स्वतः रिक्षा करून रुग्णालयात गेली, दाखल झाली, आणि मग मला फोन केला. दुसऱ्या वेळी मी चिडून विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"तू कामात असशील म्हटलं," ती म्हणाली.

मला निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.